मिरचीची आग आणि लाल कातडी

पावसाळ्याआधी मालवणात घरोघरी वर्षभराचा मसाला होतो. बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठ खुडायचे, मग कांडायच्या. देठ खुडणाऱ्या बाईचे हात संध्याकाळपर्यंत भगभगतात. तेच बोट चुकून गालाला लागलं, तर तिथली कातडी लाल होते, तापते. पाण्याने आग शमत नाही. खोबरेल चोळलं की उतार पडतो, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं. आग कळते ती संवेदी चेतांमुळे. पण कातडी लाल कोण करतं?

फ्रान्सच्या माझांदी यांनी १८२२ मध्ये दाखवलं की मेरुरज्जूच्या मागच्या मुळांतून संवेदना आत जाते, पुढच्या मुळांतून आज्ञा बाहेर पडते. नियम इतका नेटका होता, की १८७६ मध्ये व्हिएन्नाच्या श्ट्रिकर यांना मागची मुळं उत्तेजित केल्यावर कुत्र्याच्या पायातल्या रक्तवाहिन्या फुललेल्या दिसल्या, तेव्हा अनेकांना ते पटेना. लंडनच्या बेलिस यांनी १९०१ मध्ये बारकाईने तपासून तेच सिद्ध केलं: संवेदी चेतांमधून संदेश उलटाही येतो.

पुढे ब्रूस या संशोधकाने डोळ्यावर मोहरीचा झणझणीत अर्क वापरून पाहिला. चेता नुकती कापली असताना दाह होतच राहिला. कापलेली चेता पूर्ण झडल्यावर मात्र झाला नाही. म्हणजे मेंदूची गरजच नव्हती. चेतेच्या एका फाट्यात उठलेला संदेश शेजारच्या फाट्यातून परत कातडीकडे वळत होता. हंगेरीत यांचो यांनी उंदरांना कॅप्सेसिन देऊन चेतांची टोकं निकामी केली. मग वेदना गेली आणि दाहाची लालीही गेली.

म्हणजे लाली आणणारं काहीतरी ही टोकंच सोडत असणार. पण काय? सीजीआरपी नावाचं पेप्टाइड सापडल्यावर १९८५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की त्याची अत्यल्प मात्रा रक्तवाहिन्या जोरात फुलवते. वाहिनीच्या भिंतीतल्या मृदू स्नायूंवर ते बसतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते, रक्त धावून येतं. चेतांच्या टोकांवरचा, कॅप्सेसिन ओळखणारा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा आहे. सीजीआरपीचा मार्ग अडवणारं अर्धशिशीचं पहिलं प्रतिपिंड-औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं.

जी चेता दुखणं कळवते, तीच दुखऱ्या जागी रक्त बोलावते. मेंदूच्या आज्ञेची वाट पाहत नाही. श्ट्रिकर यांचं निरीक्षण नियमात बसत नव्हतं, आणि पुढचं सारं ज्ञान त्यातूनच उलगडलं. म्हणून शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती: फळ्यावर संवेदी चेता काढताना आत जाणाऱ्या बाणासोबत तिच्या टोकाशी बाहेर जाणारा एक छोटा बाणही काढा, आणि तो का काढला ते मुलांना सांगा.