कुठल्या बाजूला ठेवता?

आमच्या करजगीत कुणाच्या तोंडात गाठ निघाली की कट्ट्यावर पहिला प्रश्न येतो, ‘त्यांच्या घराण्यात होता का कुणाला?’ अण्णामामांच्या वेळीही तोच आला. सोलापूरच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, ‘काका, तंबाखू कुठल्या बाजूला ठेवता?’ मामा बोलले नाहीत. डाव्या गालावर बोट टेकवलं. गाठ तिथंच होती.

या प्रश्नामागे ऐंशी वर्षांचा विचार आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रोगाचं मूळ वंशात शोधायची सवय तेव्हा डॉक्टरांनाही होती. खानोलकर माणसांच्या सवयींकडे वळले. कोण काय चघळतं, काय ओढतं, तोंडात कुठं धरून ठेवतं? आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचं, म्हणजे जाड चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायकांना कॅन्सर होतो तो टाळूला. काश्मिरात निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना होतो तो पोटाच्या कातडीला. जिथं चटका, तिथं रोग.

मामांचा चटका मी लहानपणापासून पाहिलेला. तळहातावर तंबाखू घ्यायची, नखानं चुना लावायचा (आमच्याकडच्या कन्नड घरांत त्याला सुण्णा म्हणतात), अंगठ्यानं मळायची, दोन टाळ्या देऊन भुकटी उडवायची आणि चिमूट डाव्या गालात दाबायची. चाळीस वर्षं तीच बाजू. चुन्यामुळं निकोटिन झटकन अंगात उतरतं, म्हणून तो हवाच.

पुढचं पाऊल खेड्यात पडलं. डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. कॅन्सरच्या आधी बऱ्याचदा तोंडात पांढरा चट्टा दिसतो, आणि तो बघायला बॅटरीचा उजेड पुरतो. मामांच्या गालातही चट्टा असणार. आम्ही कुणी कधी बघितलाच नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

मग जनुकांचं युग आलं आणि कट्ट्यावरच्या जुन्या प्रश्नाला जणू शास्त्राचाच आधार मिळाला. ‘बघा, शेवटी रक्तातच असतं.’ खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. जनुकीय म्हणजे आईबापांकडून आलेलं, एवढंच आपल्याला ठाऊक. प्रत्यक्षात संशोधन उलट्या दिशेनं गेलं. जगातल्या देशांनी अभ्यासासाठी कॅन्सर वाटून घेतले तेव्हा भारतानं गाल आणि हिरडीचा घेतला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईत खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून ११० रुग्ण अभ्यासले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. गाठीतला डीएनए त्याच माणसाच्या रक्तातल्या डीएनएशी ताडून पाहायचा. जे बिघाड गाठीत आहेत आणि रक्तात नाहीत, ते जन्मानंतर त्या जागी झालेले. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं टीपी-५३, तिला मरायला लावणारं कॅस्पेस-८, अशी जनुकं गाठीत मोडलेली सापडली. घराण्याचा वाटा शून्य असतो असं नाही, पण या रोगात तो थोडा. मामांना वाडवडिलांकडून आली ती चंची.

उपचारांतही एक जुना वाद मिटला. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही. मग मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढायच्या, की वाट बघायची? टाटामध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून हे तपासलं. २०१५ साली ५०० रुग्णांचा हिशेब समोर आला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाट बघणं म्हणजे रुग्णानं वेळच्या वेळी परत येणं. पेरणी टाकून करजगीहून कोण कितीदा जाणार? म्हणून मला हा आकडा आमच्यासारख्या गावांचा वाटतो. मामांची मानही गालाबरोबरच साफ केली.

टाके काढायच्या दिवशी मामांच्या थोरल्यानं डॉक्टरांना विचारलं, ‘म्हणजे मला होणार नाही ना? मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी.’ सुपारीनं गालाच्या आतलं कातडं आवळत जातं आणि तोंड उघडेनासं होतं; या आजाराचं वर्णन मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ सालीच लिहून ठेवलंय. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये मान्य केलं. डॉक्टरांनी यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाले, ‘तोंड उघडा. तीन बोटं उभी आत घाला.’

दोन गेली. तिसरं दाताशी अडलं.

‘सुपारी कधीपासून?’

‘आठवीपासून,’ तो म्हणाला.