चक्की राहिली, घाणी गेली

लंडन-लेस्टरच्या सुपरमार्केटात पावाचे पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचणारी माणसे आता जागोजाग दिसतात. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ एवढ्यावर यादी संपावी, अशी त्यांची माफक अपेक्षा असते. ती सहसा पुरी होत नाही. 1961 मध्ये चोर्लीवूडच्या संशोधन केंद्रात कणीक यंत्राने जोरात घुसळून पाव झटपट फुगवण्याची रीत निघाली, आणि ब्रिटनमधला बहुतेक पाव आज त्याच रीतीने होतो. त्या देशातले लोक निम्म्याहून अधिक उष्मांक अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांतून घेतात. तेव्हा चांगले अन्न शोधणे हा तिथे एक छंदच होऊन बसला आहे. वेळ आणि पैसा दोन्ही असणाऱ्यांचा.

'अतिप्रक्रिया' हा वर्ग ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोन्तेरो यांनी पाडला. त्यांच्या 'नोव्हा' वर्गवारीचे चार गट आहेत, आणि तिची गंमत अशी की पदार्थ किती तेलकट आहे हे ती विचारतच नाही. तो कशापासून, कुठे आणि कशासाठी बनला, हे ती विचारते. शेगावच्या स्टेशनावर डोळ्यांदेखत कढईतून निघालेली कचोरी तब्येतीला कशीही असो, केवळ तळली म्हणून ती चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या गटात जात नाही. तिच्या शेजारी टांगलेले 'मल्टिग्रेन' बिस्किटाचे पाकीट मात्र बहुधा त्याच गटातले असते. 2019 मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि न केलेले, असे दोन्ही तऱ्हांचे जेवण हवे तेवढे खाऊ दिले. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणात माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती.

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात आणला की त्याचा रंग बदलतो. इथे अजून लेबल वाचावे न लागणारे अन्न आहे. ते कुणी शोधत नाही, कारण ते दळणाच्या डब्यात असते. डबा डोक्यावर किंवा सायकलवर घेऊन चक्कीवर जायचे, आपलेच दाणे आपल्यासमोर पडू द्यायचे आणि कोमट पीठ घेऊन परतायचे. यात भेसळीला जागा कमी, आणि असली तर चक्कीवाल्याला गावात तोंड दाखवायचे असते.

चक्की टिकली ती परंपरेच्या प्रेमामुळे, असे मी मानत नाही. ज्वारीने ती टिकवली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकर थापताना कडा फाटतात. म्हणून ज्वारीचे दळण थोडे आणि वरचेवर करावे लागते. ज्या धान्याचे पीठ महिनाभर पाकिटात राहायला राजी नाही, त्याच्यावर कारखान्याचा डोळा सहजी जात नाही. गव्हाचे तसे नाही. घाटाखालच्या तालुक्यांत दादर ज्वारीची भाकर जितकी मागे सरली आणि पोळी जितकी पुढे आली, तितकी आट्याच्या पाकिटाला वाट मिळाली. शिवाय स्वस्त धान्य दुकानात वर्षानुवर्षे मुख्यतः गहू-तांदूळच मिळाला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याची सोय होती, पण ज्वारीच्या प्रदेशातल्या माणसाच्या पिशवीत ज्वारी क्वचितच पडली. हायब्रीड ज्वारी ऐन काढणीच्या पावसात काळी पडायची आणि बाजारात तिला भाव मिळायचा नाही, हेही खरे. सोयाबीनने ती जागा घेतली तेव्हा शेतकऱ्याने हिशेबच केला होता.

तेलाच्या बाबतीत जे घडले त्याचे कारणही बियाण्यातच आहे. तीळ, जवस, भुईमूग, करडई ही दाबली की तेल देणारी बियाणी. शेंगदाण्यात आणि तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल, जवसात चाळीस टक्क्यांच्या जवळपास, करडईत सुमारे तीस. बैलाच्या किंवा मोटरच्या घाणीला एवढे पुरते. फल्लीतेल डब्यात, ढेप गोठ्यात, असा व्यवहार गावातच मिटायचा. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा ते वीस टक्के. घाणी त्याच्यापुढे हात टेकते. ते काढायला दाण्याचे पातळ पोहे करून त्यांवर हेक्झेन सोडावे लागते, मग ते उडवून लावायचे, तेलातला डिंक काढायचा, आम्ल घालवायचे, रंग उतरवायचा, आणि शेवटी निर्वातात वाफ सोडून वास काढायचा. हे गावात होण्यासारखे काम नाही. शेतात सोयाबीन आले त्याच वर्षी कुणी घाणी बंद केली नाही, पण तिचा कच्चा माल शिवारातून जात राहिला. आज मेहकर-लोणारचा शेतकरी सोयाबीन बाजार समितीत घालतो आणि परतताना किराणा दुकानातून तेलाची पिशवी घेतो. तीत पामतेल असेल तर ते बव्हंशी इंडोनेशिया-मलेशियाचे.

रिफाइंड तेल म्हणजे विष, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. हेक्झेनचा अंश मर्यादेत ठेवायचे नियम आहेत. उलट सुट्या, 'शुद्ध' मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळल्याने 1998 मध्ये दिल्लीत माणसे दगावली होती. ओलसर, बुरशी आलेले शेंगदाणे लाकडी घाणीत घातले तरी त्यातले अफलाटॉक्सिन जात नाही. शुद्धीकरणात ते बरेच निघून जाते. 'कमी प्रक्रिया' म्हणजे आपोआप 'सुरक्षित' असे मानणारा शहरी उत्साह मला म्हणूनच थोडा खटकतो. माझी तक्रार वेगळी आहे. चक्कीवर मी दाणे बघू शकतो, परत नेऊ शकतो, चक्कीवाल्याशी भांडू शकतो. तेलाच्या पिशवीशी भांडता येत नाही. तिथे मला इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकासारखेच लेबल वाचत बसावे लागते, तेही बहुतेक इंग्रजीत.

डाळ या दोहोंच्या मध्ये आहे. तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून जात्यावर भरडणे हे पूर्वी उन्हाळ्यातले घरचे काम होते. चुनी जनावरांना जायची. जाते गेले, पण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली आणि बचत गटांना भरडणीचे यंत्र हाताशी आले. अडचण डाळीच्या दिसण्यात आहे. मोठ्या गिरणीतली डाळ पॉलिश होऊन चकाकते. गावची डाळ मातकट, कडा खडबडीत. गिऱ्हाईक चकाकी उचलते. हीच मातकट डाळ पुण्याच्या दुकानात 'अनपॉलिश्ड' या नावाने चढ्या भावाला विकली जाते, आणि तो वाढीव पैसा भरडणाऱ्या बाईपर्यंत फारसा पोचत नाही.

रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले दाणे मिसळले गेले. ते तांदळाच्या पिठातून यंत्राने घडवतात. दिसायला वेगळे असल्याने 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून कित्येक घरांत ते निवडून फेकले गेले. समज चुकीचा आहे. दाणे खाण्याजोगेच आहेत. पण आपल्या ताटात काय येते ते आपल्याला विचारून येत नाही, हा त्यामागचा संशय मला पुरता अडाणीपणाचा वाटत नाही. रक्तक्षयावर उपाय म्हणून घडवलेला दाणा पाठवणाऱ्या योजनेला त्याच पिशवीत ज्वारी-बाजरी घालणे इतके जड का जावे?

तेलाकडे परत येऊ, कारण करता येण्यासारखे तिथेच बाकी आहे. करडई रब्बीत कमी पाण्यावर येते. तिच्या काट्यांमुळे कापणीला मजूर तयार होत नाहीत, ही जुनी अडचण. त्यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-6' हे बिनकाट्याचे वाण काढले आहे. तरी चिखलीचा शेतकरी हरभराच पेरतो आणि त्याचे चुकत नाही: हरभऱ्याला बाजार ठरलेला आहे, चांगल्या वर्षी सरकारी खरेदीही. करडईची चार पोती घेऊन त्याने जायचे कुठे? तालुक्याला एक तरी चालती घाणी, दाण्यातला ओलावा मोजायचे साधे यंत्र, ढेप घ्यायला दुधाचा धंदा करणारे आणि अंगणवाडी-शाळेच्या आहारासाठी तेल घेणारे एखादे कायमचे गिऱ्हाईक, एवढे जुळले तर तो हिशेब नव्याने मांडील. शाळेतल्या आहाराचे तेल कुठून घ्यायचे, हे तर सरकारच ठरवते.