निघण्यापूर्वीचा हिशेब

आमच्या धर्मग्रामातून वरचेवर कोणी ना कोणी दीर्घ काळासाठी परदेशी निघतो. कोणी आखाती देशांत नोकरीसाठी, कोणी जहाजावर, तर कोणी कॅनडात शिक्षणासाठी. निघण्यापूर्वी ही मंडळी आशीर्वादासाठी आमच्याकडे येतात. पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, बँकेची कामे, सामानाचे वजन, सारे काटेकोर झालेले असते. आम्ही मात्र एकच विचारतो, ‘घरच्यांजवळ निवांत बसलात का?’ बहुतेक जण हसून म्हणतात, ‘फादर, वेळ कुठे मिळतो!’

हा प्रश्न आम्हांला आमच्याच चुकीने शिकवला आहे. २००१ साली उच्च शिक्षणासाठी आम्ही रोमला निघालो, तेव्हा आई सुकेळी बांधून देत होती आणि आम्ही पुस्तकांचे वजन करीत होतो. वडील ओटीवर बसले होते. त्यांनी दोनदा हाक मारली, ‘जरा इथे बस.’ ‘आलोच’ म्हणून आम्ही पुन्हा बॅगेत डोके घातले. निघताना त्यांनी आमच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, एवढेच. पुढच्या पावसाळ्यात ते देवाघरी गेले. आम्ही रोममध्येच होतो. त्यांना काय सांगावयाचे होते, हे आम्हांला आजही ठाऊक नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल. लूकच्या शुभवर्तमानात एक जण प्रभूमागे येण्यापूर्वी घरच्यांचा निरोप घेऊ पाहतो, तेव्हा प्रभू त्याला नांगर धरून मागे पाहणाऱ्याचा दाखला देऊन बजावतो. मग निरोप घेणे ही मनाची दुर्बलता समजावी काय?

जुन्या करारात आणखी एक नांगरणारा भेटतो. अलीशा शेत नांगरीत असता एलीयाने त्याच्यावर आपला झगा टाकला. अलीशानेही आईवडिलांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली. मग त्याने आपली बैलजोडी कापली, औताच्या लाकडांवर मांस शिजवले, लोकांना जेवू घातले आणि तो निघाला. परत येऊन धरावयास औतच उरले नाही. ज्याने असा निरोप घेतला, त्याला मागे पाहण्याचे कारण उरत नाही. मागे पाहतो तो निरोप अर्धवट सोडून आलेला. रोममधील आमच्या अभ्यासाच्या मेजावर ती ओटी किती वेळा येऊन बसली, हे आम्हीच जाणतो.

मध्ययुगात यात्रेकरू यरुशलेमला किंवा सांतियागोला निघे, तेव्हा ख्रिस्तसभेची त्याच्याकडून काही अपेक्षा असे. कर्ज फेडावे, मृत्युपत्र करावे, ज्याला दुखावले त्याची क्षमा मागावी. त्यानंतर त्याच्या काठीला व झोळीला आशीर्वाद मिळे. आधी हिशेब, मग आशीर्वाद. हा क्रम आपण विसरलो आहोत. भावाशी बांधावरून अबोला धरून विमानात बसणारा मनुष्य सामानाच्या मर्यादेत न मोजलेले ओझे घेऊन जात असतो.

‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्याच्या प्रारंभीच त्यांनी वडिलांकडे रोजचा आशीर्वाद मागितला आहे आणि आईला नमस्कार कळविला आहे. पत्र पोहोचावयास कित्येक महिने लागत, तरी आशीर्वाद मात्र रोजचा हवा! १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. आज फोनवर क्षणात चेहरा दिसतो; म्हणून आपण निरोप उद्यावर ढकलतो. परंतु वृद्ध वडिलांची काही वाक्ये फोनवर उतरत नाहीत. त्यांना ओटीच लागते.

मागे राहणाऱ्यांचेही कर्तव्य आहेच. मनातले वेळेवर बोलावे, आणि मग मुलाला मोकळे करावे.

म्हणून परदेशी निघणाऱ्या आमच्या मुलामुलींना आमची विनंती एवढीच की, बॅग एक दिवस आधी बंद करा. तो उरलेला दिवस घरच्यांचा. आणि ओटीवरून हाक आली, तर ‘आलोच’ म्हणू नका, जाऊन बसा.