केस कुणाची?

मोफत वकील मिळाल्यावर केस कुणाची राहते? जिच्या नावाने ती उभी राहिली तिची, की ज्यांनी वकील दिला त्यांची? सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांत या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं मिळाली आहेत, आणि दोन्ही बायकांनीच दिली आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून इथे दोघं बोलतात. ताई साताऱ्याच्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकील. अण्णा सांगलीचे, कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झालेले, आता विधी स्वयंसेवक. दोघंही कल्पित आहेत, त्यांच्यापुढे आलेली बाईही कल्पित. कायदे, निकाल, संस्था आणि सालं खरी आहेत.

बाई माण तालुक्यातली, माहेरी परतलेली. सासर खानापूर तालुक्यात, विट्याच्या बाजूला. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. हिचा नवराही गलाईच्या कामाला तमिळनाडूत. दोन मुली झाल्या. तिसऱ्या खेपेला सोनोग्राफी झाली, मग पोट पाडलं, मग नवऱ्याने नांदवायचं बंद केलं. तिला तीन गोष्टी हव्या आहेत: पोटगी, अंगावरचे दागिने आणि थोरलीचा शाळेचा दाखला. डॉक्टरचं नाव तिने बोलता बोलता सांगितलं आणि लगेच म्हणाली, ते कागदावर नको.

वकील मिळण्यात तिला अडचण नाही. राज्यघटनेत ३९ अ हे कलम १९७६ साली आलं, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या १२व्या कलमानुसार बाईला उत्पन्नाची अट नाही. अर्ज केला की वकील. खरी अडवणूक पुढे सुरू होते.

“दहिवडीला अर्ज टाकू,” ताई म्हणाल्या. “कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाई सध्या राहते तिथलं कोर्ट चालतं.”

“टाका की. पण समन्सचं काय ओ?” अण्णांनी हयातभर तेच काम केलेलं. “गलाईवाला आज एका गावात, सहा महिन्यांनी दुसऱ्या. ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा पडतो आणि कागद माघारी. साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. इथं बजावणीतच तेवढे दिवस जातात. तुमच्याकडची फौजीची बायको असती तर निदान पगारातनं पोटगी कापून घेता आली असती.”

“२०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानं एवढं तरी झालंय, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. त्यानं उशीर केला तर आकडा त्याच्याच अंगावर चढतो. ते मी बघते. माझा जीव अडकलाय तो डॉक्टरमध्ये.”

“तिनं नको म्हटलंय.”

“म्हणूनच अडकलाय.”

ताईंच्या अडकण्यामागे साताऱ्याचा इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, आणि सांगलीत फक्त ८५१. ऊस, साखर कारखाने, दूधसंघ, सहकारी बँका असलेल्या सधन पट्ट्यात मुली कमी भरल्या. अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी साताऱ्यात १९९० साली दलित महिला विकास मंडळ सुरू केलं, पुढे ‘लेक लाडकी अभियान’ उभं केलं आणि गर्भवती बाईला सोबत घेऊन सोनोग्राफी केंद्रांवर स्टिंग करण्याची पद्धत चिकाटीने चालवली. जो गुन्हा बंद खोलीत दोघांच्या संमतीने घडतो तो उघडकीस आणायचा तर त्या खोलीत कुणीतरी शिरावं लागतं, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

“म्हैसाळ आठवा, अण्णा. तुमच्याच मिरज तालुक्यातलं. मार्च २०१७ मध्ये गर्भपात करताना एक बाई दगावली, म्हणून चौकशी झाली, आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण निघाले. त्याआधी तिथं किती बायका जाऊन आल्या असतील? प्रत्येकीला कुणीतरी जवळचं होतं. प्रत्येकीनं हेच सांगितलं असेल, माझं नाव नको. ते सगळ्यांनी ऐकलं. एक मेली तेव्हा कळलं. या बाईच्या एका ‘नको’चा मान राखायचा तर पुढच्या बाईचं काय? ती तर माझ्यासमोर बसलेलीही नाही, तिच्या बाजूनं कोण बोलणार?”

हा युक्तिवाद हलका नाही. विधी सेवा म्हणजे एकेकीची पोटगी एवढाच अर्थ धरला, तर दर महिन्याला तीच तक्रार नव्या तोंडून ऐकायची आणि मूळ जागच्या जागी ठेवायचं. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या कच्च्या कैद्यांना सोडवलं, तेव्हा काही जणांच्या निमित्ताने हजारोंचा प्रश्न हाती घेतला होता. एका माणसाची केस सगळ्यांची करणं, ही मोफत कायदेमदतीची सगळ्यात मोठी परंपरा आहे.

अण्णांनी मात्र सांगलीची दुसरी गोष्ट काढली. १९९२ साली संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे ‘संग्राम’, सांगलीत एचआयव्हीच्या कामाला लागली. निरोध वाटायला बाहेरचे कार्यकर्ते नेमण्याऐवजी धंद्यातल्या बायकांनीच ते काम हाती घेतलं, आणि त्यातून १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पोलीस ठाण्यात कुणी जायचं, काय बोलायचं, तक्रार द्यायची की नाही, हे वस्तीतल्या बायका ठरवू लागल्या.

“आणि मग मे २००५ मध्ये गोकुळनगरला धाड पडली,” अण्णा सांगू लागले. “बाहेरच्या संस्थेच्या पुढाकारानं. कागदावर तिचं नाव ‘सुटका’. अल्पवयीन पोर कुणी असेल तर तिला काढलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण सज्ञान बाईला उचलून नेलं, ती ओरडून सांगतीय मला सुटका नको, आणि तरी ती सुटकाच? अनैतिक व्यापार प्रतिबंधाच्या कायद्यात १७व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट तिला एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतो. जिच्यावर गुन्हाच नाही तिला तीन वर्षं! गुन्हा केलेला जामिनावर बाहेर, आणि ही आत. ताई, हेही तिच्या भल्यासाठीच चाललं होतं. पुढच्या पोरींसाठीच.”

मुंबई उच्च न्यायालयाला हे स्पष्ट शब्दांत सांगायला सप्टेंबर २०२० उजाडलं. तीन तरुणींना सुधारगृहात पाठवण्याचे आदेश रद्द करताना न्यायालयाने म्हटलं, की त्या सज्ञान आहेत आणि कुठे राहायचं हे त्यांनी ठरवायचं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात या बायकांच्या सन्मानाचा हक्क अधोरेखित केला.

“माझी तुलना धाडीशी करताय?” ताई दुखावल्या.

“नाही ओ. पण पैसे देणाऱ्या पक्षकाराकडं काय असतं, बघा. वकील आवडला नाही तर तो ‘नो ऑब्जेक्शन’ घेतो, फाईल उचलतो, दुसरीकडं जातो. कायद्यानं हिलाही वकील बदलून मागता येतो. पण फुकटात मिळालेल्या वकिलाला ‘तुम्ही नको’ म्हणायला जीभ रेटत नाही. उपकार वाटतो. तुम्ही दोनदा म्हणालात की डॉक्टरविरुद्ध तक्रार कर, तर ती हो म्हणेल. मनात नसताना म्हणेल. आणि तुम्हाला वाटंल, पटलं तिला.”

इथे अण्णांची बाजू जड आहे. सेवेचा पैसा कुठून येतो हाही याच प्रश्नाचा भाग. २००३ नंतर अमेरिकी सरकारच्या एड्स निधीला एक अट जोडली गेली होती: वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची शपथ संस्थेने घ्यायची. संग्रामने ती घेण्याऐवजी पैसा सोडला. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याच विरोधात सही करून त्यांना मदत देता येत नाही, एवढं त्यांना स्वच्छ दिसलं. सरकारी विधी सेवेला अशी शपथ नसते, पण तिथेही वकिलाची फी पक्षकार देत नाही, आणि वर्षाअखेरीला लोकअदालतीत किती प्रकरणं मिटली याचा हिशेब होतोच.

ताईंनी थोडा वेळ घेतला आणि वेगळीच गोष्ट मान्य केली. “खरं तर तिनं परवानगी दिल्याशिवाय मला बोलताच येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं १३२वं कलम. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं वकिलानं फोडायचं नाही. वकिलाच्या कारकुनालाही तेच बंधन. आणि तिची भीती पोकळ नाही. लिंगनिदानाच्या कायद्यात २४वं कलम आहे, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी बळजबरी केली असंच कोर्टानं गृहीत धरायचं. ते तिच्या बाजूचं. पण न्याय संहितेच्या ८८व्या कलमात गर्भपात करवून घेणारी बाईही येते. तुला काहीच होणार नाही, असं मी तिला छातीठोक सांगू शकत नाही.”

“मग झालं की.”

“नाही झालं. उद्या लोकअदालतीत नवऱ्याकडचे म्हणतील, तीन लाख घ्या आणि डॉक्टरचं नाव कुठं काढू नका. डॉक्टर त्यांच्या ओळखीतला. तेव्हा?”

हा फाटा महत्त्वाचा. लिंगनिदानाचा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि तडजोड न होणारा आहे. फौजदारी कारवाई दाबण्यासाठी पैसे घेण्याचा करार कराराच्या कायद्याच्या २३व्या कलमाखाली मुळातच रद्दबातल. म्हणजे तिने आपणहून गप्प राहणं वेगळं आणि तिचं गप्प राहणं नवऱ्याने विकत घेणं वेगळं. पहिल्याचा मान वकिलाने राखायचा. दुसरं कागदावर येऊ द्यायचं नाही.

“पण ताई, तिला ते तीन लाख दिसतात,” अण्णा म्हणाले. “लोकअदालतीचा निवाडा झाला की अपील नाही, कोर्ट फी परत, विषय संपला. भांडत बसली तर? तुम्ही म्हणाल आता हायकोर्ट जवळ आलं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय. मुंबईची खेप वाचली, कबूल. पण दहिवडीहून कोल्हापूरला जायचं तरी तिची एका दिवसाची मजुरी बुडते.”

“तर तीन लाख पोटगीपोटी आणि दागिन्यांपोटी लिहून घ्यायचे. डॉक्टरचा शब्दही निवाड्यात नको, ना बोल म्हणून, ना बोलू नको म्हणून. पुढे कधी तिला बोलावंसं वाटलं तर दार उघडं राहील.”

या टप्प्यावर दोघांचं जमलं असं वाटावं. जमलं नव्हतं. ताईंना तो डॉक्टर सोडायचा नव्हता, आणि तो सुटू नये असं अण्णांनाही वाटत होतं. मग ताईंनी साताऱ्याच्याच पद्धतीकडे नव्याने पाहिलं. डिकॉय म्हणून जाणारी बाई पक्षकार नसते. ती आधी होकार देऊन, काय करायचं ते समजून आत जाते. मदत मागायला आलेल्या बाईच्या दुःखातून पुरावा ओढण्यापेक्षा हे अधिक स्वच्छ आहे.

“स्वच्छ आहे, पण स्वस्त नाही,” अण्णा म्हणाले. “त्या बाईला साक्षीचं समन्स बजावायला बेलीफ जातो. तोवर तिचं मूल शाळेत जाऊ लागलेलं असतं. डॉक्टरचा वकील तिला विचारतो, तुम्ही गेलातच कशाला, किती पैसे मिळाले. तिच्या शेजारी कोण उभं असतं? सरकारी वकील सरकारचा, संस्थेचा वकील संस्थेचा.”

“तिला स्वतःचा वकील द्यायचा. तीही बाईच, १२व्या कलमात बसते. संस्थेनं नेमलेला नको, प्राधिकरणाकडून वेगळा.”

“आणि तो वकील तिला म्हणाला, झालं तेवढं पुरे, आता यातनं बाहेर पड, तर?”

“तर तो त्याचं काम करतोय. मला माझी केस दुसऱ्या पुराव्यावर उभी करावी लागेल. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. नोंदी नीट न ठेवणं हाही गुन्हाच, किरकोळ कारकुनी चूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०१९ मध्ये कायम केलंय. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून त्या केंद्राचं रजिस्टर तपासून घेता येतं. पण या तपासणीची मागणी मी करायची नाही, कारण मला नाव हिच्याकडून कळलंय. ज्यांना ते स्वतंत्रपणे कळेल त्यांनी करायची.”

“आणि जो मशीनच नोंदवत नाही? गाडीत घालून गावोगाव फिरवतो?”

“त्याच्याकडं रजिस्टर नाही. तिथं बाईच लागते.”

अण्णांनी दाखल्याचा विषय काढला. शाळा उघडायच्या आत थोरलीचं नाव दहिवडीच्या शाळेत पडायला हवं होतं. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या ५व्या कलमात आहे; मुख्याध्यापकांसाठी ते एका अर्जात लिहून द्यायचं ठरलं. अर्जाचा मसुदा ताईंनी तिथेच केला, बाईला वाचून दाखवला, आणि कुठला शब्द काढायचा आहे का, असं तिला विचारलं. तिने एक काढायला लावला: ‘परित्यक्ता’. त्या जागी तिने मुलीचं पूर्ण नाव लिहायला सांगितलं, आणि पुढे स्वतःचं.