वेढ्याच्या वर्षातील घरकाम

शास्त्रपाठ : यिर्मया 29:4–7 व 32:1–15



यिर्मया संदेष्ट्याच्या बत्तिसाव्या अध्यायात एका खरेदीखताची हकीकत दिली आहे. सिद्कीया राजाच्या कारकीर्दीचे दहावे वर्ष होते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमास वेढा घातला होता, आणि संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याजकडे आला आणि अनाथोथ येथील आपले शेत विकत घेण्याविषयी त्यास म्हणू लागला. नगर पडणार, हे यिर्मयास ठाऊक होते. त्याने ते स्वतःच्या तोंडाने राजास सांगितले होते. तरी त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खत लिहविले, साक्षी घेतल्या, आणि खताच्या दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या भांड्यात ठेवविल्या.

याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात देवाने यिर्मयास लग्न करू नये व त्यास मुलेबाळे होऊ नयेत, अशी आज्ञा केलेली आढळते. म्हणजे त्या शेतास वारसही नव्हता. मग त्याने ते घेतले कोणासाठी? जग कोसळत असता घर, परसू व झाड यांच्या मागे लागणे हा शहाणपणा की वेडेपणा, हा प्रश्न आम्हांपुढेही आला होता, आणि पुन्हा येईल. त्याचे उत्तर आम्ही एका वृद्ध दांपत्याच्या घरी पाहिले; ते मंडळीपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

2020 सालच्या मार्च महिन्याच्या 25 तारखेपासून सर्व देश घरात बसविला गेला. प्रथम 21 दिवसांची मुदत सांगण्यात आली. ती वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरपर्यंत गेली. त्या वर्षी 12 एप्रिल रोजी आलेला पुनरुत्थानाचा सण आम्ही बंद दारांआड केला. महाराष्ट्रातील उपासनामंदिरे 16 नोव्हेंबर रोजी उघडली; पुढील एप्रिलात पुन्हा बंद झाली, ती 7 ऑक्टोबर 2021 पर्यंत उघडली नाहीत.

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील एका गावी हे दांपत्य राहते. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्या वर्षी त्यांचे वय 71 होते. बाई परिचारिकेच्या कामातून निवृत्त झालेल्या. दगडमातीचे दोन खणी घर, वर माळवद, पुढे ओसरी, मागे परसू. मुलगा पुण्यास कारखान्यात. पहिल्या आठवड्यात गुरुजी पहाटेपासून बातम्या ऐकत व मृतांचे आकडे वहीत उतरून ठेवीत. सातव्या दिवशी बाईंनी वही उचलून फडताळात ठेवली व म्हणाल्या, “अहो, आकडे मोजून कोणाचा ताप उतरला आहे काय? उठा. माळवदावर पांढरी माती टाकायची आहे. पाऊस काही बंदी पाळणार नाही.”

येथून त्यांचे काम सुरू झाले. त्यातून आम्हांस चार गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, दीर्घ आशा हाताला काम देते. बाबेलात नेलेल्या लोकांविषयी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सांगितले होते की, दोन वर्षांत सर्व ठीक होईल. ते वचन गोड होते, पण देवाचे नव्हते. यिर्मयाने पत्र लिहून सत्तर वर्षांची मुदत सांगितली, आणि म्हणूनच त्याच पत्रात घरे बांधावी, मळे लावावे, मुलामुलींची लग्ने करावी, ज्या नगरात देवाने नेले आहे त्या नगराचे हित पाहावे, असे सांगितले. ज्यास वाटते की उद्या सुटका होईल, तो उंबरठ्यावर बसून वाट पाहतो. त्याचा उद्या टळला की त्याचे मन मोडते. ज्याने देवावर लांबची आशा ठेविली, तो कुदळ शोधतो.

गुरुजींनी माळवदावरील गवत उपटले, भेगा बुजविल्या, पांढरी माती पसरून चोपून बसविली व पन्हळ मोकळे केले. जुन्या बाजेचे तुटलेले सुंभ काढून नवे विणले. मोरीचे पाणी चारी काढून परसात नेले व तेथे अळू, मेथी, दोडका व घेवडा लाविला. बाईंनी जुनी सुती लुगडी फाडून तीन पदरी मुखपट्ट्या शिवल्या व शेजारच्या घरांस वाटल्या. साबणाने हात कसे धुवावे हे त्यांनी लहान मुलांस ओसरीवरून दाखविले. 1972 च्या दुष्काळात गुरुजी तरुण होते. तेव्हा त्यांनी खडी फोडली होती व सुकडीवर दिवस काढले होते. ते आम्हांस म्हणाले, “पाळकसाहेब, त्या वर्षी पोटाला भूक होती, पण चार माणसांत बसता येत होते. या वर्षी उलटे झाले. काम नसते तर मी घरातल्या घरात हरवलो असतो.”

दुसरी गोष्ट ही की, स्वतःचे घर सावरणारा घरापुढच्या वाटेकडेही पाहतो. एप्रिल व मे महिन्यांत शहरांतील काम सुटलेले मजूर बायकामुलांसह रस्त्याने चालत होते. 8 मे रोजी पहाटे करमाडजवळ लोहमार्गावर झोपी गेलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून भुसावळच्या वाटेने निघाले होते, तेथून मध्यप्रदेशात जाण्यास गाडी मिळेल या आशेने. ज्यास त्या वर्षी बसण्यास चार भिंती होत्या, त्याने त्या भिंती देवाची कृपा म्हणून मोजाव्या.

पुष्कळ गावांनी तेव्हा वाटेवर काट्या टाकल्या होत्या. भय खोटे नव्हते. रोग खरा होता. परंतु बाईंनी सांगितले की, वाटसरूंस पाणी पाहिजे. गुरुजी म्हणाले, “लांबून ओंजळीत ओतू.” तेव्हा बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “माझ्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतीत. ते मी माझ्या हाताने कोणाला करणार नाही.”

बंधुजनहो, आमच्या मंडळ्यांतील कोणत्या घरास या वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागेल? 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांस हजारो माणसांनिशी जावे लागले, ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. एक अंतर तिरस्काराचे असते व एक काळजीचे. वैद्यांनी सांगितलेले अंतर दोघांचाही जीव राखण्यासाठी होते. त्यात वरचा कोणी नव्हता व खालचा कोणी नव्हता. परंतु तिरस्कार चतुर आहे. तो काळजीचा अंगरखा घालून येतो. म्हणून त्या दोघांनी बुद्धी चालविली. गुरुजींनी रांजणास तोटी बसविली, घडवंचीवर ठेवून तो बांधापाशी नेला, शेजारी साबण ठेविला, आणि निंबाखाली दगडांची एक बैठक रचली. ज्याने त्याने आपल्या हाताने पाणी घ्यावे व सावलीत बसावे. गावातील काही जणांनी हरकत घेतली. बाईंनी त्यांस रोग कसा पसरतो व कसा पसरत नाही हे समजावून दिले, आणि रांजण तेथेच राहिला. शोमरोनी स्त्रीजवळ ज्या प्रभूने पाणी मागितले, त्याने त्या विहिरीवर अंतराचा प्रश्न कायमचा सोडविला आहे.

तिसरी गोष्ट ही की, काम हे शोक झाकण्याचे पांघरूण होऊ नये. सप्टेंबर महिन्यात बाईंची धाकटी बहीण मुंबईस याच रोगाने वारली. जाता आले नाही. मुख पाहता आले नाही. मूठभर माती टाकता आली नाही. मोजक्या माणसांनी पुरणविधी उरकला. गुरुजी धीराचे वचन बोलले आणि दुसऱ्या दिवशी परसात कुदळ घेऊन गेले. बाई मात्र उठल्या नाहीत. सुई नाही, चूल नाही, प्रार्थनेत शब्द नाही. गुरुजींनी चार दिवस त्यांस कामाकडे वळविण्याचा यत्न केला. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, “माळवद गळते ते तुम्हांस दिसते. मी गळते आहे ते दिसत नाही काय?”

या प्रश्नापुढे गुरुजींनी कुदळ ठेविली. ईयोबाच्या मित्रांविषयी आम्ही पुष्कळ वाईट बोलतो, परंतु ते प्रथम सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, ही त्यांची सर्वांत चांगली सेवा होती. गुरुजी तसे बसले. संध्याकाळी दिवा लावून त्यांनी शोकाची स्तोत्रे वाचली. उपदेश केला नाही. ज्या विश्वासात रडण्यास जागा नाही तो विश्वास लाजरच्या कबरेजवळच्या प्रभूपासून शिकलेला नव्हे. कारण मृतास उठवावयास आलेला प्रभूही तेथे प्रथम रडला.

पुढे बाई आपण होऊन उठल्या. बहिणीची दोन लुगडी त्यांच्या पेटीत होती. त्यांची गोधडी त्यांनी घातली. एकेक धावदोरा, तीन महिने. ती गोधडी बहिणीच्या नातवास पाठविली. ती पेटी उघडल्यामुळे आणखी एक काम झाले. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचा कागद, आजोबांच्या हातची पत्रे, असे पुष्कळ निघाले. काहींस कसर लागली होती. त्या दोघांनी ते सर्व वाचले, नव्या वहीत कुटुंबाची नोंद उतरली, आणि मूळ कागद कापडात बांधून डब्यात ठेविले. यिर्मयाने खत मातीच्या भांड्यात ठेविले ते याच विश्वासाने की, ते उघडून वाचणारा कोणी पुढे येईल.

चौथी गोष्ट ही की, देवाचे काम वारसावर थांबत नाही. त्या पावसाळ्यात गुरुजींनी परसाच्या कडेला चिंचोका लाविला होता. कलमी आंबा सोडून चिंच, आणि तीही बियांपासून! मुलाने दूरध्वनीवर सांगितले की, आपण गावी राहावयास येणार नाही. पुढेमागे घर विकावे लागेल. मग झाड कशाला? गुरुजींस हे लागले. दोन दिवस त्यांनी त्या अंकुरास पाणी घातले नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी घातले, व म्हणाल्या, “अहो, आपण ज्या चिंचेखाली खेळलो ती कोणी लावली होती, हे आपणांस ठाऊक आहे काय?”

हेच यिर्मयाच्या शेताचे उत्तर होय. त्याने ते मुलासाठी घेतले नाही. त्यास मूल नव्हते. स्वतःसाठी घेतले नाही. तो अटकेत होता. या देशात घरे, शेते व द्राक्षमळे यांची खरेदी पुन्हा होईल, हे देवाचे अभिवचन होते. त्या अभिवचनावर त्याने सतरा शेकेल ठेविले. विश्वास म्हणजे केवळ मनातील ऊब नव्हे. विश्वास तोलून द्यावा लागतो, आणि साक्षीदारांसमोर. ती चिंच आज माणसाच्या उंचीपलीकडे गेली आहे. फळ अद्याप नाही. खाली मात्र शेजारची पोरे खेळतात, आणि त्यांतील एकही त्या घरचे नाही.

आता या शिक्षणाचा उपयोग. वृद्ध जनहो, निवृत्ती सरकार देते. देवाच्या मळ्यातून निवृत्ती नाही. अंग थकले असेल तर थोडे काम करा, परंतु हात जोडून केवळ मरणाची वाट पाहू नका. पतिपत्नींनो, एकाने कुदळ धरिली असता दुसऱ्याचे डोळेही पाहा. उपदेशकबंधूंनो, आपल्या गावातील एकट्या व वृद्ध जनांची यादी करा. आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या ओसरीवर बसा. पावसापूर्वी मंडळीच्या तरुणांकडून त्यांचे छप्पर नीट करून घ्या. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरात मंडळी जमत असे, असे पौल लिहितो. ते दोघे तंबू करणारे कष्टकरी होते. मंदिरास कुलूप लागले तेव्हा आमच्या घरांची मंदिरे झाली. कुलूप निघाले म्हणून घरातील उपासना बंद करू नये.

संकटाचे वर्ष पुन्हा येईल. कधी दुष्काळाचे, कधी रोगाचे, कधी घरातल्याच एका रिकाम्या जागेचे. त्या वर्षी आम्ही काय करू? देव आम्हांस सत्य मुदत ऐकण्याचे धैर्य देवो, वाटसरूसाठी तोटीचा रांजण भरून ठेवण्याची बुद्धी देवो, रडणाऱ्याजवळ मुकाट्याने बसण्याची कृपा देवो, आणि ज्याचे फळ आम्ही खाणार नाही असे एक तरी झाड आमच्या हातून लावून घेवो. आमेन.