खरी प्रत आणि खरा अधिकार

दस्तऐवज अस्सल असणे ही एक गोष्ट आणि तो जवळ बाळगण्याचा अधिकार असणे ही दुसरी, हा भेद कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक असतो. चोरून आणलेले खतही खरेच असते. त्यावरील सही खोटी ठरत नाही, म्हणून ते बाळगणाऱ्याचा हक्कही सिद्ध होत नाही. हाच भेद एका नव्या, वरवर पोरकट वाटणाऱ्या व्यवहारात तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ हे खेळयंत्र १९९४ च्या डिसेंबरात जपानात विक्रीस आले आणि २००६ साली त्याचे उत्पादन थांबले. यंत्र गेले तरी त्यावरील खेळांची आवड गेली नाही. म्हणून जाणत्यांनी ‘एम्युलेटर’ नामक प्रोग्रॅम रचले. आजच्या संगणकाने कालच्या खेळयंत्राचे सोंग घ्यावयाचे, आणि ते इतके हुबेहूब वठवावयाचे की जुन्या खेळास आपण परक्या घरी आहोत याचा पत्ताही लागू नये, असे त्यांचे कार्य. ‘लिनक्स’ ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या तरुणांत या प्रोग्रॅमांचे मोठे प्रेम आहे. परंतु पुष्कळदा असे घडते की, सर्व सिद्धता करून खेळ सुरू करावा, तो पडदा काळाच राहतो.

या काळ्या पडद्याची कारणे अनेक असली, तरी तीन विशेष विचारात घेण्यासारखी आहेत. पहिले कारण नावाचे. लिनक्स रोमन लिपीतील लहान व मोठे अक्षर भिन्न मानते. प्रोग्रॅम लहान अक्षरांतील नाव शोधीत असतो आणि फाइल मोठ्या अक्षरांत ठेविलेली असते. समोर असूनही ती त्यास सापडत नाही. नाव बदलले की काम भागते. येथे उणीव केवळ माहितीची होती. नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरे कारण परवानगीचे. ‘फ्लॅटपॅक’सारख्या पद्धतीने बसविलेला प्रोग्रॅम सुरक्षिततेसाठी बंदिस्त कप्प्यात चालतो. खेळ दुसऱ्या डिस्कवर असतील, तर तेथवर जाण्याची त्यास सहसा मुभा नसते. येथे योग्य उपाय हा की, तेवढ्याच जागेपुरती परवानगी द्यावी. पण उतावीळ मनुष्य सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने सारा प्रोग्रॅम चालवू पाहतो, किंवा सर्व फाइली सर्वांस खुल्या करून टाकतो. एका खोलीचे कुलूप अडले म्हणून वाड्याची सारी कुलपे काढण्यासारखेच हे झाले. हवे तेवढेच मागावे, हा विवेक येथे पुरेसा आहे. कारण संगणक आपला आणि परवानगी देणारेही आपणच.

तिसरे कारण मात्र निराळ्या जातीचे आहे. प्लेस्टेशन चालू होताच सर्वप्रथम जो प्रोग्रॅम जागा होतो, त्यास ‘बायॉस’ म्हणतात. यंत्रातील कायमच्या स्मृतीत तो कोरलेला असतो. आकार अवघा ५१२ किलोबाइट. पुष्कळ एम्युलेटरांस त्याची प्रत लागते, आणि ती कंपनीच्या मालकीची असल्याने ते रचणारे ती सोबत देत नाहीत. एम्युलेटर आपल्या नोंदवहीत स्पष्ट लिहितो की फाइल नाही. आणि तरुण ती कोठून तरी उतरवून घेतो. पुढे काय होते ते पाहा. त्या फाइलीची ३२ चिन्हांची एक गणिती मुद्रा काढून ती अपेक्षित मुद्रेशी ताडून पाहिली जाते. मुद्रा जुळली की प्रत अस्सल ठरते, आणि खेळ सुरू होतो. ती कोणाकडून व कोणत्या हक्काने आली, हे मुद्रा सांगत नाही. तसे विचारण्याची यंत्रास गरजही नाही.

यंत्राच्या लेखी या तिन्ही अडचणी सारख्याच. पडदा काळा, एवढेच त्यास कळते. माहितीची उणीव, परवानगीची उणीव आणि अधिकाराची उणीव यांतील भेद माणसानेच करावयाचा असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या यंत्राचे उत्पादनच थांबले, त्यातील चिमुकल्या प्रोग्रॅमची प्रत घेतल्याने कोणाची हानी झाली? उत्पादन सुमारे ११ वर्षे चालले. परंतु संस्थेने करवून घेतलेल्या कृतीवरील हक्क अमेरिकेत साधारणतः प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. आणि संशोधकांस ग्रंथालयांतील असे खेळ दुरून पाहता यावेत, ही मागणीही तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात नाकारली. मालक विकत नाही आणि देऊही देत नाही, ही स्थिती न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही मालकाच्या अनास्थेतून आपला हक्क उत्पन्न होत नाही. ओसाड शेताचाही सातबारा कोणाच्या तरी नावे असतो. आणि येथे तर दुसरी वाट मोकळी आहे. ‘कनेक्टिक्स’ कंपनीने असाच एक एम्युलेटर १९९९ साली विक्रीस काढिला, तेव्हा सोनीने तिच्यावर दावा लाविला. अभ्यासासाठी त्या कंपनीने बायॉसच्या प्रती काढल्या होत्या; परंतु विकलेल्या प्रोग्रॅमात सोनीचे काहीही नव्हते. अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २००० साली तो अभ्यास रास्त ठरविला. यंत्र कसे वागते याचे ज्ञान सर्वांचे, त्याची लिहिलेली संहिता मात्र लिहिणाऱ्याची, ही त्यातील रेषा. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ कायदेशीर रीतीने मिळविलेल्या प्रतीवरून खाजगी, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढण्यास मुभा देते.

यावरून आम्हांस कर्तव्य दिसते ते असे. ज्याच्या घरी जुने यंत्र आहे, त्याने त्यातीलच प्रत काढून घ्यावी. ज्याच्याजवळ नाही, त्याने काही एम्युलेटरांत स्वतंत्रपणे रचून घातलेला पर्यायी बायॉस वापरावा. त्यावर पुष्कळ खेळ चालतात, काही अडखळतात. ते अडखळणे सोसावे. आणि कायदा बदलावयास हवा असेल, तर तो उघडपणे मागावा. अडखळणारा खेळ ही फार मोठी तपश्चर्या नव्हे. परंतु ‘चालते ना, मग झाले’ ही सवय ज्या मनास एकदा जडली, ते मन पुढे खेळापाशी थांबेल याची हमी कोणी द्यावी?