पार्श्वभूमी होण्याचा नकार : रॉथ्को आणि ध्वनिमिश्रणाची नीती

एखाद्या चित्रकारापासून प्रेरणा घेऊन निरनिराळ्या संगीतरचनांची ध्वनिमुद्रणे एका प्रवाहात गुंफण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा ‘मिक्स’चा कर्ता स्वतः एकही स्वर निर्माण करीत नाही, तो निवडतो, क्रम लावतो, एका रचनेचा शेवट दुसरीच्या आरंभात विरघळवतो. साहित्यव्यवहारातील संपादित संग्रहाशी या कृतीचे नाते उघड आहे. तथापि संग्रहाचा संपादक सहसा कविता अर्ध्यावर तोडत नाही, किंवा दोन कविता एकमेकींवर छापत नाही. त्यामुळे येथे सौंदर्याच्या प्रश्नाबरोबरच नीतीचाही प्रश्न उपस्थित होतो : प्रेरणा घेणाऱ्यावर प्रेरणास्थानाचे कोणते ऋण येते?

मार्क रॉथ्को (१९०३–१९७०) या अमेरिकन चित्रकाराच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. त्याच्या मंद, धूसर रंगक्षेत्रांना अनुरूप म्हणून बहुधा दीर्घ, संथ, जवळजवळ अचल अशा ध्वनींची निवड केली जाते. प्रत्यक्षात रॉथ्कोला मोझार्टचे संगीत अतिशय प्रिय होते. मग निष्ठा कशाशी राखावयाची? चित्रकाराच्या आवडीशी, की चित्रांसमोर प्रेक्षकाला येणाऱ्या अनुभवाशी? केवळ आवडीला प्रमाण मानणे म्हणजे चरित्राला कलाकृतीच्या जागी बसविणे होय. परंतु केवळ ‘वातावरणा’ला प्रमाण मानल्यास चित्रातील ताण नाहीसा होऊन मागे नुसती गुंगी उरते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर भर दिला. त्या दृष्टीने पाहता रंग आणि स्वर यांच्यातील साम्य भाववृत्तीत नव्हे, तर घटकांच्या परस्परसंबंधांत शोधावे लागेल. आणि रॉथ्कोच्या चित्रांत विरोधही संवादाइतकाच प्रभावी आहे.

मॉर्टन फेल्डमनची ‘रॉथ्को चॅपल’ (१९७१) ही रचना या बाबतीत उद्बोधक आहे. ह्यूस्टन येथील अष्टकोनी प्रार्थनागृहात रॉथ्कोची चौदा चित्रे आहेत. रॉथ्कोच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये ते खुले झाले आणि १९७२ मध्ये ही रचना तेथे सादर झाली. तीत वृंदगान आहे, पण शब्द नाहीत. दीर्घ काळ विखुरलेले, क्षीण स्वर ऐकल्यानंतर अखेरीस व्हायब्राफोनच्या आवर्तनावर व्हायोलाची एक सरळ धून उमटते. ही धून फेल्डमनने किशोरवयात रचली होती. तिचा अर्थ तिच्या आधीच्या प्रतीक्षेत आहे. मिक्समध्ये नेमकी तीच, सर्वांत श्रवणसुलभ म्हणून, उचलली गेली तर प्रत्येक स्वर अस्सल राहूनही एकूण विधान खोटे ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रसिद्ध झालेली कलाकृती आस्वादकाची होते. तिची मोडतोड हाही आस्वादच. हा आक्षेप अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु मिक्सचा कर्ता मोडतोडीचे स्वातंत्र्य घेतो, तेव्हाच चित्रकाराचे नावही घेतो. नाव घेणे हा एक दावा आहे, आणि दाव्याला उत्तरदायित्व असते.

ते उत्तरदायित्व कोणते, याचा संकेत रॉथ्कोच्याच एका निर्णयात आहे. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमधील सीग्रम इमारतीतल्या ‘फोर सीझन्स’ या उपाहारगृहासाठी भित्तिचित्रांचे काम त्याने स्वीकारले. पुढे तेथे स्वतः भोजन केल्यावर त्याने चित्रे देण्याचे नाकारले आणि पैसे परत केले. तेथे आपली चित्रे भोजनाची पार्श्वभूमी ठरतील, हे त्याला असह्य झाले असावे. त्याच्या नावाने सिद्ध झालेला मिक्स संभाषणाखाली वाजत राहावा म्हणूनच रचला असेल, तर त्या नकाराचेच खंडन होते.

ऐकणारा कसे ऐकेल यावर कर्त्याची सत्ता नसते, हे खरे. प्रेक्षक कसे पाहील यावर रॉथ्कोचीही नव्हती. पण अनवधानाला सोयीची रचना न करणे कर्त्याच्या हाती असते. एखादी रचना संपूर्ण राहू देणे, दोन रचनांमधील सांधा न लपविणे, शांततेला तिचा अवधी देणे, एवढे त्याला करता येते. असा मिक्स चित्रांसारखा वाटणार नाही कदाचित. मात्र चित्रे ज्या अवधानाची मागणी करतात, त्याच अवधानाची मागणी तोही करील.